दुसऱ्यांदा जिंकले तेव्हा

पहिल्यांदा जिंकले तेव्हा मी गप्पच राहिले.
उत्तर बरोबर आलं, दिवे गरगरले,
मी गाडीच्या बॉनेटवर तळवा टेकवला,
नव्या होडीच्या नाळेवर टेकवतात तसा,
आणि दुसऱ्या हातातली थर्माकोलची सोनेरी किल्ली
इतकी घट्ट धरली की मोडली.

कट, कुणीतरी म्हणालं.
कानात यंत्र घातलेली मुलगी धावत आली.
"ताई, आनंद थोडा कमी पडतोय.
घरी मुलगा पास झाला की कशा ओरडता, तसं करा."
सर्वेश दोनदा नापास झालाय
हे मी तिला सांगितलं नाही.

एका पोऱ्याने जमिनीवरचे चमचमते कागद
झाडून पिशवीत भरले,
शिडीवर चढून पुन्हा वर ठेवले.
पुढच्या रांगेत एक अनोळखी बाई आणून बसवली,
तिला म्हणाले, तुम्ही यांच्या जाऊ, तुम्ही रडा.

नवी किल्ली आली. प्रश्न तोच.
उत्तर आता चहावाल्यालाही पाठ,
तरी मी कपाळाला आठ्या घालून
तीस सेकंद विचार केला.
मग ओरडले. उड्या मारल्या.
पदर सुटला. चालेल, म्हणाले.

मागच्या खोलीत एक शांत माणूस, एक टेबल,
अकरा सह्या.
प्रसारण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.
गाडी त्यानंतर नव्वद दिवसांनी.
किंमत सात लाख चाळीस हजार,
तिचे तीस टक्के आधी भरायचे, मग किल्ली,
खरी, कनवटीला मावणारी.
आणि ही स्टेजवरची गाडी तुमची नव्हे हं ताई,
ही इथेच असते.
हिच्यात पेट्रोलसुद्धा नसतं, चौघे ढकलून आणतात.

साडेचार महिने तोंड शिवून बसले.
गुरुनाथला तेवढं सांगितलं. तो म्हणाला,
"गाडी? आणि उभी खंय करतलंस? खाडयेत?"
तळाशीलला आमच्या पुढच्या दाराशी समुद्र,
मागच्या दाराशी खाडी,
त्याचं काही चुकलं नव्हतं.

लागलं त्या रात्री सगळी वाडी पडवीत.
माझा दुसरा आनंद बघून बायकांनी डोळे पुसले.
पडद्यावर ती बाई हुंदके देत होती,
खाली अक्षरं: कुंदाताईंची जाऊ.
बांगड्यांच्या वासाचे हात पदराला पुसत
माझी जाऊ म्हणाली, "मगे मी कोण गो?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कंपाउंडची पावती आली,
अकरा वर्षांनी वेंगुर्ल्याचा मावसभाऊ आला.

कणकवलीच्या सीएने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला:
दोन लाख बावीस हजार.
मी हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं.
त्यानेही पाहिलं.
शेवटी कुडाळच्या शोरूमवाल्याने सोडवलं.
कर त्याने भरला, गाडी त्याच्याच काचेमागे राहिली,
मला तीन लाख अडुसष्ट हजारांचा चेक,
तळहाताएवढा.
होडीला मशीन आलं, न्हाणीला फरशी,
सर्वेशची तिसऱ्यांदा फी.

गाडीत मी एकदाच बसले.
सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं.
विकल्याच्या कागदावर सही करायला टेबल मोकळं नव्हतं,
स्टिअरिंगवर कागद ठेवून केली.

लोक अजून विचारतात, गाडी खंय गो?
मी म्हणते, सर्व्हिसिंगला.

ती मोडलेली किल्ली मी पिशवीत घालून आणली होती,
कुणी हिशोबात धरली नव्हती.
गुरुनाथने तिचे तुकडे जाळ्याला बांधले.
सोनेरी रंग खाऱ्या पाण्यात आठवडाभरही टिकला नाही.
पहाटे पुळणीवर उभी राहिले की दिसतात,
बोयांच्या ओळीत सहा पांढरे,
वर-खाली, वर-खाली.
खाली जाळं असतं.
कधी त्यात काही असतं.